मागे म्हणणाऱ्यांचा गायक

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या वर्गात मी चार वर्षं बसलो. दिवसा ते आम्हाला गणित शिकवायचे आणि संध्याकाळी गावच्या प्रार्थनेत मागच्या रांगेत बसून टाळ धरायचे. पुढे बसण्याचा मान त्यांना सहज मिळाला असता. पण ते म्हणायचे, "पुढं बसनारा एकच असते. मागं म्हननारे नसले तं भजन होत नाई." आज मी ज्या गायकाविषयी बोलणार आहे, त्याच्याकडे या मागच्या रांगेतून पाहण्याचा माझा प्रयत्न आहे.

विषय सुचला तो एका वेगळ्याच वाटेनं. गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा घरी आला होता. रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या त्यानं मोबाईलवर एक गाणं लावलं. भाषा जर्मन होती, एकही शब्द मला कळला नाही. तरी मी उठून बसलो. बाई गात होती, मागून चार-पाच आवाज तिची ओळ उचलत होते आणि ती पुन्हा त्यांच्यावर स्वार होऊन वर चढत होती. भाच्यानं नाव सांगितलं, जॉय डेनालेन. जन्म १९७३ चा, बर्लिनमधला. वडील दक्षिण आफ्रिकेचे, आई जर्मन. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं ‘सोल’ संगीत तिनं २००२ च्या आपल्या ‘ममानी’ या पहिल्या अल्बममध्ये जर्मन भाषेत आणलं. पुढे २०२० मध्ये तिचा अल्बम ज्या ‘मोटाउन’ या नावाखाली निघाला, ते या संगीताचं माहेरघरच आहे. सोल म्हणजे आत्मा. भाचा म्हणाला, "मामा, याला सोल म्हणतात. तुमच्याकडं असं काही आहे का?"

मी म्हटलं, आहे. तुझ्या आजीच्या घरी खुंटीला टांगलेलं आहे.

खुंटीला खंजरी होती. वीतभर व्यासाची लाकडी कड, एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं, कडेच्या खाचांत पितळी चकत्या. जुन्या काळी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. आता तो प्राणी कायद्यानं संरक्षित आहे आणि तेच योग्य आहे. आमच्या भजनी मंडळातले आजोबा पावसाळ्यात भजनाआधी खंजरी चुलीच्या धगीवर धरायचे. ओलीनं सैल पडलेलं कातडं तापून ताठ होत जायचं. ते बोटानं टिचकी मारत, कान लावत, पुन्हा धगीवर धरत. आवाज ‘थप्प’वरून ‘टण्ण’वर आला की म्हणायचे, "चाला, बोलाले लागली." मी पोरवयात तिथं नुसताच बसून ऐकत होतो, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली. म्हणाले, "पोरा, भजन कानानं नाई, गऱ्यानं आयकाचा असते." ते वाक्य मी आजवर विसरलो नाही.

त्या खंजरीला इथं प्रतिष्ठा मिळवून देणारा माणूस म्हणजे माणिक बंडोजी इंगळे. आपण त्यांना राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणतो. त्यांच्यावर ग्रंथ झाले, पुतळे झाले. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. समाजसुधारक, ग्रामगीताकार, स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांचा गौरव होतो आणि तो यथार्थ आहे. पण या सगळ्यात एक गोष्ट मागे पडत चालली आहे, असं मला मनापासून वाटतं. हा माणूस आधी गायक होता. बाकी जे काही त्यानं केलं ते गाऊन केलं. गाणं बाजूला काढलं, तर तुकडोजी महाराज समजत नाहीत.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. वऱ्हाडातला तो कापसाचा मुलूख. या कापसाशी त्या दूरच्या सोल संगीताचंही एक नातं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. ज्या अमेरिकी मळ्यांचा कापूस अडला होता, त्याच मळ्यांत राबणाऱ्या गुलामांनी कापूस वेचता वेचता आपली भक्तिगीतं रचली होती. एक जण ओळ टाकणार, सगळे ती उचलणार. त्या गीतांतून चर्चमधलं गॉस्पेल आलं आणि गॉस्पेलमधून विसाव्या शतकाच्या मध्यावर सोल. ही दोन गाणी कधी एकमेकांना भेटली नाहीत. तरी दोन्ही राबणाऱ्या माणसांच्या गळ्यातून आली आणि दोन्हींना एकटा गायक पुरला नाही.

माणिकचं घर गरीब होतं. शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबलं. वरखेडला आडकोजी महाराजांचा सहवास लाभला. त्यांनीच या मुलाला ‘तुकड्या’ हे नाव दिलं. पुढे प्रत्येक भजनाच्या शेवटी हीच नाममुद्रा आली. आपल्या संतपरंपरेत नाममुद्रा ही कवीची सही असते. या सहीकडे जरा थांबून पाहा. तुकडा म्हणजे पूर्ण नसलेलं काही. भाकरीचा तुकडा, कापडाचा तुकडा. ज्याला अख्खं कधी मिळालं नाही, अशा माणसाला हे नाव परकं वाटत नाही. मागच्या रांगेतल्या माणसाला ते आपलंच वाटतं.

१९२१ मध्ये आडकोजी महाराज गेले. माणिक तेव्हा बारा वर्षांचा होता. त्यानंतरची काही वर्षं तो रानावनांत फिरला. रामटेक, सालबर्डी आणि आपल्या या चंद्रपूर जिल्ह्यातली रामदिघी व गोंदेडा. इथून त्यांची कथा आपली होते. चिमूर तालुक्यातल्या गोंदेड्याच्या गुंफेला आपण तपोभूमी म्हणतो, तिथली यात्रा आपल्याला ठाऊक आहे. रामदिघीचा परिसर आज ताडोबाच्या वाघांसाठी जगभर ओळखला जातो. कापसाच्या मुलखातला पोर मोह, तेंदू आणि बांबूच्या मुलखात आला आणि इथे त्याचा आवाज तयार झाला.

असं मी का म्हणतो? उघड्या रानात गाणाऱ्याला भिंत नसते. बैठकीतल्या गवयाचा आवाज भिंतींवरून परत येतो, त्याला स्वतःचं गाणं ऐकू येतं. रानात आवाज जातो तो जातोच. परत येतो तो फक्त माणसांच्या गळ्यातून. महाराजांच्या आवाजाची जुनी ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत, ती जरूर ऐका. त्यात ताना-मुरक्यांची कारागिरी फारशी सापडणार नाही. सापडेल तो लांब फेकलेला, टोकदार, स्पष्ट शब्द. शेवटच्या बैलगाडीवर बसलेल्या माणसापर्यंत जायला हवा, असा. ध्वनिक्षेपक खेड्यांत पोचण्याआधी हजारोंसमोर गाणाऱ्या माणसाचा तो आवाज आहे.

आता भजन चालतं कसं ते पाहू. आधी गायक एकटा, ठेक्याशिवाय, ध्रुवपद संथ म्हणतो. लोकांना चाल ओळखू यावी म्हणून. मग खंजरी येते, ठेका धरते, आणि मंडळ झील, म्हणजे मागे म्हणायची ओळ, उचलतं. अंतऱ्यात गायक पुढे सरकतो, कधी शब्दांच्या मध्ये दोन वाक्यं बोलूनही घेतो. गावातल्या तंट्याबद्दल, विहिरीबद्दल, कुणाच्या कर्ज काढून लावलेल्या लग्नाबद्दल. ध्रुवपदावर परत आला की लोक तयारच असतात. लय वाढत जाते. शेवटच्या कडव्यात नाममुद्रा आली की खंजरी एकदम थांबते आणि उघडा आवाज उरतो. त्या क्षणी मांडवात कुणी खोकतसुद्धा नाही. हे मी लहानपणापासून शेकडो वेळा अनुभवलं आहे आणि दर वेळी अंगावर काटा आला आहे.

चाली कुठल्या असायच्या? त्यांच्या भजनांची पुस्तकं उघडा. भजनाच्या वर ‘तर्ज’ छापलेली दिसते. म्हणजे लोकांच्या तोंडी आधीच असलेली एखादी चाल घ्यायची आणि त्यात आपला शब्द भरायचा. काही रसिक याला कमीपणा समजतात. मला त्यात फार मोठी समज दिसते. नवी चाल शिकायला वेळ लागतो. रोवणीहून थकून आलेल्या बाईला तेवढी सवड नसते. ओळखीची चाल असली, तर पहिल्या ध्रुवपदालाच ती गाऊ लागते. १९५४ मध्ये अमेरिकेत रे चार्ल्स या अंध गायकानं चर्चमधली चाल उचलून तिच्यात संसारी प्रेमाचे शब्द घातले. सोल संगीताच्या जन्माची ती एक महत्त्वाची खूण मानली जाते, आणि त्या वेळी धार्मिक लोक फार रागावले होते. महाराजांनी त्याच पुलावरून उलट्या दिशेनं वाहतूक केली. मेळ्या-बाजारातल्या चालीला त्यांनी प्रार्थनेत आणून बसवलं. दोघांनाही एक गोष्ट कळली होती. लोकांच्या मनापर्यंत जायचं तर त्यांच्या पायाखालच्या वाटेनं जावं.

भाषेचंही तसंच. महाराजांनी मराठीत रचना केली तशी हिंदीतही विपुल केली. विदर्भ तेव्हा मध्य प्रांताचा भाग होता. नागपूरच्या पलीकडे हिंदी, आपल्या पलीकडे तेलुगू आणि छत्तीसगढी, आपल्या पोटात गोंडी आणि माडिया. अशा मुलखात गाणाऱ्यानं एका भाषेत बसून चालत नाही.

१९३५ मध्ये मोझरीला महाराजांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना बोलावलं आणि ते सुमारे महिनाभर त्यांच्या आश्रमात राहिले. त्याच वर्षी ३० एप्रिलला, म्हणजे महाराजांच्या जन्मतारखेलाच, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले होते. त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. सकाळ-संध्याकाळची आश्रमातली सर्वधर्मप्रार्थना महाराजांनी जवळून पाहिली. सत्तावीस वर्षांचा खंजरीवाला आणि साठी ओलांडलेला महात्मा एकाच अंगणात बसून रोज प्रार्थना करत होते, हे चित्र मी अनेकदा डोळ्यांपुढे आणतो.

आणि मग १९४२. हा भाग आपल्या जिल्ह्याचा आहे म्हणून मी इथे सावकाश बोलणार आहे.

त्या काळी आपला जिल्हा चांदा जिल्हा होता. आजचा गडचिरोली जिल्हाही त्यातच होता, तो १९८२ मध्ये वेगळा झाला. ‘चले जाव’च्या उठावाआधीच्या काळात महाराजांची भजनं या भागात गाजत होती. झाडं आणि दगडसुद्धा लढायला उठतील अशा अर्थाचं त्यांचं भजन चिमूरच्या पोरांच्या तोंडी होतं. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमुरात मिरवणूक निघाली, गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा त्यात हुतात्मा झाला. लोक खवळले, सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर लष्कर आलं आणि गावावर जे अत्याचार झाले, बायाबापड्यांनी जे सोसलं, ते चिमूर आजही बोलताना आवाज खाली घेतं. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं.

२८ ऑगस्ट १९४२ रोजी महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवलं गेलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सोडलं. ज्याच्याकडे बंदूक नव्हती, पक्ष नव्हता, वर्तमानपत्र नव्हतं, त्याच्या हातातल्या खंजरीची सरकारला भीती वाटली.

तारखांचा एक योगायोग इथे सांगतो. २८ ऑगस्टलाच, पण १९६३ साली, अमेरिकेच्या राजधानीत नागरी हक्कांसाठी अडीच लाखांचा मोर्चा जमला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या त्या सुप्रसिद्ध भाषणाआधी महालिया जॅक्सन या गॉस्पेल गायिकेनं गाऊन सभा बांधून घेतली होती. महालियांचा जन्म १९११ चा, महाराजांहून दोन वर्षांनी लहान. सोल गायिकांची अख्खी पिढी तिला आई मानते. भाषणाच्या आधी गाणं लागतं, हे त्यांनाही कळलं होतं. विखुरलेल्या माणसांचा आधी एक श्वास व्हावा लागतो. तो झाला की मग शब्द आत उतरतो.

पण मित्रहो, चिमूरकडे पाहताना आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. एक श्वास झालेल्या जमावाची ताकद मोठी असते, तशी जोखीमही मोठी असते. त्या नागपंचमीला दोन्ही बाजूंनी माणसं गेली. ज्याच्या गाण्यानं माणसं पेटतात, त्याला त्या आगीचं ओझं वाहावं लागतं. तुरुंगातून परत आल्यावर महाराजांचं काम ज्या दिशेनं वाढलं, ते मी या ओझ्याच्या प्रकाशात वाचतो. हे माझं वाचन आहे, ते तपासून पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे. त्यांनी पुढची पंचवीस वर्षं जमलेल्या माणसांना रोज थोडं थोडं एकत्र बसायची सवय लावली. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या. सकाळी सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. सारवलेली जागा, ओळीनं बसलेली माणसं, डोक्यावर भगवी टोपी, तोंडी ‘जय गुरुदेव’. बाया बसणार, सगळ्या जातींचे बसणार. १९४०च्या दशकातल्या खेड्यात हे केवढं मोठं पाऊल होतं, ते ज्यांच्या आजोबांना देवळाच्या पायरीवर अडवलं गेलं, त्यांना विचारा.

गायक म्हणून पाहिलं तर ही सामुदायिक प्रार्थना हीच मला त्यांची सर्वांत मोठी निर्मिती वाटते. मोठा गवई गेला की त्याचं गाणं जातं, शिष्य असले तर थोडं उरतं. महाराजांनी आपलं गाणं अशा लोकांकडे दिलं ज्यांना गाता येत नव्हतं. बेसूर चालेल, कोरडा गळा चालेल, वाचता आलं नाही तरी चालेल. पुढचा म्हणेल ते मागे म्हणा, एवढीच अट. म्हणून आज त्यांच्या जाण्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी धानोऱ्यापासून वरोऱ्यापर्यंतच्या खेड्यांत दिवेलागणीला तो सूर ऐकू येतो.

‘ग्रामगीता’ही याच दृष्टीनं वाचली पाहिजे. ४१ अध्याय, सगळे ओवीत. गावाची सफाई, आरोग्य, श्रम, बायकांची उन्नती, तंटे, शिक्षण अशा विषयांवर त्यांनी साधं गद्य लिहिलं असतं, तर ते कपाटात गेलं असतं. ओवीत लिहिल्यामुळे ते पारावर गेलं. एकानं वाचावं आणि दहांनी ऐकावं, असं ते पुस्तक आहे. त्यातला एक अध्याय तर खास भजनाच्या प्रभावावरच आहे. गाण्यानं गाव घडतं, असा दावा करणारा गायक त्या दाव्याचं शास्त्रही लिहून ठेवतो, हे मला विशेष वाटतं.

१९५५ साली ते जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी गेले. हिरोशिमा-नागासाकीला दहा वर्षं झाली होती. अणुबॉम्बनं भाजलेल्या त्या देशात गोंदेड्याच्या गुंफेत तयार झालेला आवाज खंजरीवर शांतीचं भजन म्हणत होता. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. १९५६ मध्ये ते भारत साधू समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. विनोबांच्या भूदानात त्यांनी साथ दिली. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत सीमेवर जाऊन जवानांसमोर गायले. पदं आणि मानसन्मान मी इथे भराभर सांगतो आहे, कारण ते छापील चरित्रांत सापडतील. खंजरी धगीवर कशी धरावी, हे तिथे सापडणार नाही.

त्यांच्या गाण्याचा वारसा आपल्या भागात कसा चालला ते पाहा. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर तुकारामदादा गीताचार्यांनी ग्रामगीतेच्या विचाराचं केंद्र उभं केलं. अकोल्याकडचे सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजऱ्या वाजवून प्रबोधन करतात. दारूविरुद्धची भजनं तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या बायकांनी आपल्या लढ्यात वापरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी यावर आज मी बोलणार नाही. पण ज्या बाईला सभेत उभं राहून बोलता येत नव्हतं, तिला घोळक्यात बसून भजन म्हणता येत होतं. तिचा पहिला जाहीर आवाज भजनातून फुटला. नंतर तिला बोलताही आलं.

आणि आपल्या जंगलपट्ट्यातली झाडीपट्टी रंगभूमी. धान घरात आलं की दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात. वडसा हे तिचं केंद्र. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्या रंगभूमीवर गाणं आलं की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देतो, ओळ सोबत म्हणतो. इथल्या माणसाला गाणं नुसतं ऐकवत नाही. त्याला ते म्हणावंसं वाटतं. महाराजांनी ही सवय निर्माण केली असं मी म्हणणार नाही. गोंडी ढोलापासून दंडारीपर्यंत ती या मातीत आधीच होती. महाराज बाहेरून आले, त्यांनी ती ओळखली आणि तिच्यावर विश्वास टाकला. म्हणून हा वऱ्हाडी माणूस झाडीचा झाला.

आता चिंतेचं बोलतो. अलीकडे गावोगावच्या पुण्यतिथी कार्यक्रमांत मी एक बदल पाहतो. मंचावर भला मोठा ध्वनिक्षेपक, चार व्यावसायिक गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. आवाज इतका मोठा की मागे म्हणणाऱ्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू येत नाही. लोक मोबाईल वर धरून चित्रण करतात. गाणं उत्तम होतं, पण झील कुणी धरत नाही. ज्या भजनाचा अर्धा भाग श्रोत्याच्या गळ्यात होता, तो अर्धा भाग आपण हळूहळू काढून घेतो आहोत. सोल संगीताचे जाणकारही हेच सांगतात. ॲरेथा फ्रँकलिन डेट्रॉईटमध्ये आपल्या वडिलांच्या चर्चमध्ये गायला शिकली. तिथे बाकांवरच्या बायका मोठ्यानं हुंकार देत, तिला आणखी वर चढवत. तो हुंकार देणारी माणसं नसती, तर तो गळा तसा घडला नसता. जर्मनीतल्या त्या गायिकेच्या मागे आवाज उचलणारे होते, म्हणून परकी भाषा असूनही मी खाटेवर उठून बसलो.

म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. विद्यापीठ, पुतळे, ग्रंथ यांची काळजी घेणारे लोक आहेत. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आपल्या दारात आहे. तिथल्या तरुण प्राध्यापकांना मी सांगेन की ऐंशी-नव्वदीतली भजनी माणसं अजून गावांत आहेत. महाराजांना प्रत्यक्ष ऐकलेली, त्यांच्या मागे म्हटलेली. त्यांच्या चाली, त्यांचे ठेके, ध्रुवपदांमधली त्यांची बोलणी रेकॉर्ड करून ठेवा. यासाठी मोठा निधी लागत नाही, तुमच्या खिशातला मोबाईल पुरतो. दर पावसाळ्यात त्यांतली काही माणसं कमी होतात. शाळांतल्या शिक्षकांना सांगेन, आठवड्यातून एक तास पोरांच्या हातात खंजरी द्या. आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना सांगेन, पुण्यतिथीला निदान एक भजन तरी ध्वनिक्षेपक बंद ठेवून होऊ द्या. लोकांचा आवाज किती मोठा आहे, हे लोकांना ऐकू द्या.

महाराजांचं देहावसान मोझरीला झालं, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. दर वर्षी पुण्यतिथीला त्याच मिनिटाला गुरुकुंजात आणि गावोगावी मौन पाळलं जातं. लाखोंचा समुदाय, आणि पानाची सळसळ ऐकू यावी अशी शांतता. मी तीन वेळा त्या गर्दीत उभा होतो. मौन संपतं, कुठून तरी पहिली खंजरी वाजते, एक जण ओळ टाकतो आणि सगळं मैदान ती उचलतं.

या वर्षी तुम्ही तिथे असाल किंवा आपल्या गावच्या प्रार्थनेत असाल, तेव्हा माझी एवढी एक गोष्ट ऐका. मोबाईल खिशात ठेवा, मागच्या रांगेत बसा आणि म्हणा.

जय गुरुदेव.